साडेपाचचं जेवण आणि 'टाक फॉ सिस्ट'

डेन्मार्कला तीन आठवडे राहून आले. कोपनहेगनचे तीन दिवस कसे गेले कळलंच नाही, न्यूहाव्नची रंगीत घरं बघितली, जलपरीच्या पुतळ्यापाशी गर्दीत उभं राहून फोटो काढला, मग ट्रेनने समुद्राखालचा बोगदा आणि समुद्रावरचा पूल पार करून ताईकडे आरहूसला. तिथलं ते छतावर इंद्रधनुषी काचा असलेलं म्युझियमही बघितलं, छान आहे. पण मला लिहायचंय ते ताईच्या शेजारच्या आजींकडच्या जेवणाबद्दल. त्या एका संध्याकाळी मी जेवढं डॅनिश शिकले तेवढं मोबाईलवरच्या ॲपने दोन महिन्यांत शिकवलं नव्हतं.

तिथे जवळजवळ सगळे इंग्लिश इतकं सहज बोलतात की डॅनिश शिकणाऱ्याची पंचाईत होते. आपण एक वाक्य अडखळत बोललो की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो, आपल्याला मदत व्हावी म्हणूनच, पण आपलं शिकणं तिथेच थांबतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी आजींना सांगून टाकलं की माझ्याशी फक्त डॅनिशच बोला. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे मी निघेपर्यंत माझ्याशी इंग्लिशचा एक शब्द बोलल्या नाहीत.

तर एकदा कुंपणापाशी भेटल्या आणि गुरुवारी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. किती वाजता विचारलं तर म्हणाल्या, 'हॅल सेग्स'. 'हॅल' म्हणजे अर्धा, 'सेग्स' म्हणजे सहा, दोन्ही शब्द मला पाठ होते, म्हणजे साडेसहा! मी ताईला आणि भाओजींना तसंच सांगितलं. ते दोघं ऑफिसातून आरामात सव्वासहाला आले, मी समुद्रावर फिरून आले, आणि बरोबर साडेसहाला फुलं घेऊन आम्ही आजींच्या दारात.

हॅल सेग्स म्हणजे साडेपाच.

आत टेबल मांडलेलं, मेणबत्त्या लावलेल्या, आजींची लेक आणि पाच वर्षांचा नातू टेबलाशी बसलेले. आजी दोनदा येऊन ताईकडची बेल वाजवून गेल्या होत्या. आणि कुणीही एक घास खाल्ला नव्हता. त्या लेकराने आमच्यासाठी तासभर कळ काढली होती, हे कळल्यावर मला खरंच रडू आलं. आपल्याकडे साडेसहा म्हटलं की सात-सव्वासात धकून जातं, तिथे सांगितलेली वेळ म्हणजे वेळ, आणि त्यांच्याकडे जेवणच सहाच्या सुमारास होतं, म्हणजे ते पोर उपाशीच होतं की. मी 'ऑन्स्कूल, ऑन्स्कूल' करत राहिले, म्हणजे सॉरी. हाच शब्द कुणाला रस्ता विचारताना, बसमध्ये वाट काढतानाही वापरतात, तेव्हा हलका म्हणायचा. त्या दिवशी तो जड निघाला.

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी एक रिकामी ताटली घेतली, त्यात उकडलेले पाच बटाटे ओळीने ठेवले, सहावा घेतला, सुरीने मधोमध कापला, अर्धा ठेवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हॅल सेग्स'. सहावा अर्धा! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण साडेपाच म्हणताना झालेल्या पाचाकडे बघतो, ते येणाऱ्या सहाकडे बघतात, एवढंच.

आणि मग आकड्यांचंही कोडं सुटलं. आजींचं वय 78, त्याला त्या म्हणतात 'ओड-ओ-हॅलफ्येर्स', आठ आणि सत्तर. आधी एकम मग दशक, आपल्या अठ्ठ्याहत्तरसारखंच, त्यामुळे इंग्रजांसारखा आपल्याला त्याचा त्रास नाही. पण सत्तरला 'हॅलफ्येर्स' का, ते लेकीने सांगितलं. वीस-वीसचे ढीग मांडायचे, तीन पूर्ण, चौथा अर्धा. साडेतीन गुणिले वीस, सत्तर. तसंच पन्नास म्हणजे तिसरा ढीग अर्धा, आणि नव्वद म्हणजे पाचवा अर्धा. हे ऐकून मी ताईकडे बघितलं आणि ताईने माझ्याकडे, कारण आमची आजी नारळ, अंडी, गोवऱ्या सगळं इशांवर मोजायची, इसा म्हणजे वीस, एक इसा, दोन इसा. साडेतीन इसा म्हणजे सत्तर हे तिला झोपेतही आलं असतं. आमची आजी या आजींशी किती मजेत बोलली असती!

जेवण साधंच होतं, बटाटे, लाल कोबी, मासे, काळपट राय ब्रेड. आजींनी नातवाला बटाटे पुढे करायला सांगितलं ते वाक्य मी लिहून घेतलं, त्यात शब्दशः 'तू गोड होशील का आणि बटाटे देशील का' असं होतं. नेटवर वाचलेलं की डॅनिश लोक रुक्ष, त्यांच्या भाषेत 'प्लीज'सुद्धा नाही. एक असा ठरलेला शब्द नाही हे खरंय, पण मराठीत तरी घरात 'कृपया' कोण म्हणतं? आपण 'जरा पाणी दे ना' म्हणतो, त्या 'जरा' आणि 'ना'मध्येच सगळं आलं. त्यांचं ते वाक्याच्या शेवटच्या 'टाक'मध्ये, म्हणजे 'आभार'मध्ये येतं. 'एन काफ, टाक', झाली कॉफी मागून. मला त्या 'रुक्ष' म्हणणाऱ्यांचा आता रागच येतो.

जेवण झालं आणि नातू उठला, ताटली उचलली, आजीकडे बघून म्हणाला, 'टाक फॉ मल'. जेवणाबद्दल आभार. आजी म्हणाल्या, 'वेलबेकॉम', म्हणजे अंगी लागो म्हणा ना. मग लेक म्हणाली, मग भाओजी, ताई. मी नुसती हसून मान डोलावली आणि ताईने टेबलाखालून पाय दाबला. घरात रोजच्या जेवणालासुद्धा हे म्हणतात, जो रांधतो त्याला. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठायची पद्धत होती, माझे आजोबा म्हणायचे, आमच्या पिढीने ते कधी सोडलं आठवतसुद्धा नाही. मी पण म्हटलं, पण लिहिताना त्या 'मल'च्या शेवटी 'ड' असतो तर मी चांगला ठसठशीत 'मॅड' म्हटलं. नातवाने लगेच दुरुस्त केलं. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवायचं आणि ते न हलवता आवाज काढायचा, ऐकायला ल आणि ळच्या मधलं काहीतरी येतं. मग गोड आलं, लाल बेरींचं दाट सार आणि वरून साय, त्याचं नाव 'रोळग्रोळ मे फ्लोळ', आणि नातवाने ते माझ्याकडून दहा वेळा तरी म्हणवून घेतलं. बाहेर दहा वाजत आले तरी उजेड होता.

त्यानंतर चार दिवसांनी बेकरीत आजी भेटल्या. त्यांनी 'हाय' म्हटलं आणि लगेच 'टाक फॉ सिस्ट'. मागच्या वेळेबद्दल आभार. आभार मी मानायला हवे होते, पाहुणी मी, उशिरा पोचलेली मी, आणि त्या मानत होत्या! उत्तर साधं असतं, 'सेल टाक', तुमचेच आभार. मला ते आलं नाही, मी 'नाही नाही' म्हणत बसले. दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने बेकरीतल्या मुलीलाच 'टाक फॉ सिस्ट' म्हटलं आणि ती गोंधळून बघत राहिली. ताईने घरी समजावलं, हे फक्त ज्यांच्यासोबत वेळ घालवला त्यांना म्हणायचं, जेवण, वाढदिवस, सहल, कुणाकडे मुक्काम, आणि त्यानंतर पहिल्यांदा भेटलं की म्हणायचं. पाव विकत घेतला म्हणून नाही.

मला हा शब्द फार आवडलाय. आपण निघताना 'येतो' म्हणतो, पुढच्या भेटीचं आधीच बोलून ठेवतो. ते पुढच्या भेटीत मागच्या भेटीचं नाव घेतात. निघायच्या दिवशी आजी फाटकापर्यंत आल्या आणि 'टाक फॉ देन गँग' म्हणाल्या, या खेपेबद्दल आभार. मी मराठीतच 'येते हं' म्हटलं, त्यांना कळलं असावं, त्यांनी हात घट्ट धरला.

परवा ताईने कळवलं, आजी तिच्याकडे कॉफीला येणारेत, 'हॅल फेम'ला व्हिडिओ कॉल कर. पाचवा अर्धा, म्हणजे तिकडे साडेचार, इकडे आठ. आठच्या ठोक्याला फोन लावला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, 'टाक फॉ सिस्ट!' आजी म्हणाल्या, 'सेल टाक', आणि नातवाला ओढून कॅमेऱ्यासमोर बसवलं, त्याला माझ्याकडून पुन्हा 'रोळग्रोळ' ऐकायचं होतं.