तीन लूप आणि किराण्याचं बिल

दहावीपर्यंत खानापुरात मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजी आणि बीसीए या कॉम्प्युटरच्या पदवीच्या पहिल्याच वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा. अ‍ॅरेपर्यंत (एका नावाखाली रांगेत ठेवलेले आकडे) सगळं बरं चाललं होतं. मग मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटींचा गुणाकार आला; त्याला एकात एक तीन फॉर लूप, म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना. वर्गातल्या बऱ्याच जणांनी प्रोग्राम सरळ पाठ केला. मला ते पटेना. लूप मोजणाऱ्या अक्षरांपैकी आय (i) म्हणजे ओळ, जे (j) म्हणजे रकाना, इथवर कळत होतं. तिसरा के (k) कशाला?

मावसताई बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिनं वहीत दोन घरं मांडली. पहिल्या घराला तांदूळ 5 किलो, गूळ 2, शेंगदाणे 1. दुसऱ्याला 3, 1, 2. ही 2×3 मॅट्रिक्स, दोन ओळी, तीन रकाने. शेजारी दोन दुकानांचे भाव, मनानेच धरलेले: खानापुरात 60, 55, 120 आणि बेळगावच्या रविवार पेठेत 55, 50, 115. ही 3×2.

"आता पहिल्या घराचं खानापूरचं बिल कर बघू."

300 अधिक 110 अधिक 120. झाले 530.

"तांदळाला तांदळाचाच भाव लावलास की रे! तो माल म्हणजे तुझा के."

तिथं डोक्यात लख्ख उजेड पडला. आय म्हणजे घर, जे म्हणजे दुकान आणि के दोन्हीकडे सामाईक. म्हणून तर पहिल्या मॅट्रिक्सचे रकाने आणि दुसरीच्या ओळी सारख्या लागतात; नाहीतर एखाद्या मालाला भावच उरणार नाही. उत्तर 2×2: 530, 490, 475, 445.

मग प्रोग्राममधली 'सम = 0' ही बेरीज शून्यावर आणणारी ओळ मुद्दाम तिन्ही लूपच्या बाहेर काढून चालवून बघितली. स्क्रीनवर 530, 1020, 1495, 1940. आधीचं बिल पुढच्यात चढत गेलेलं. म्हणजे ही ओळ जे च्या आत, के सुरू होण्याआधीच हवी. नवीन बिल, नवीन बेरीज. माझ्या मते शिकवताना हा आकड्यांचा खेळ आधी दाखवायला हवा, सूत्र नंतर.

अजून एक गंमत ताईनंच दाखवली. भावांची मॅट्रिक्स आधी घेतली तर 3×2 गुणिले 2×3, मापं जुळतात, 3×3 उत्तरही येतं. पण त्या नऊ आकड्यांना बिल म्हणून काही अर्थ नाही. प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर त्यावर चकार शब्द काढत नाही, ते आपणच बघायचं.

लॅबच्या परीक्षेत 3×4 आणि 4×2 आलं. कागदावर आधी 'के = 4' लिहिलं आणि मग पहिला फॉर.