गळाच्या काठीची मूठ आणि पावतीवरचा एक आकडा

पावतीच्या तळाशी, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरात, जकातीच्या यादीतला ४५०१ असा आकडा छापलेला होता. तिथे ४५०३ हवा होता. या एका अंकापायी माझं पार्सल २३ दिवस मुंबईत पडून राहिलं. आत काय, तर गळाच्या काठीची, म्हणजे रॉडची, मूठ करायला बुचाच्या ३६ चकत्या. सगळ्या मिळून शंभर ग्रॅमही भरत नाहीत. चकत्या चिकटवणं, घासणं, रॉडवर बसवणं हे काम हाताला थोडं वळण असलेला माणूस दोन रविवारांत उरकेल. अडकायला होतं ते त्याच्या आधी, म्हणून मुख्यतः तेच लिहितोय.

माझे मामा देवगडला कातळावर बसून गळाने मासे गरवतात. बोटीवर नोकरीला असताना परदेशातून आणलेला एक रॉड त्यांनी तीसेक वर्षं वापरला. गेल्या मे महिन्यात तो मुठीपाशीच मोडला. मी त्यांना दुकानातला नवा रॉड नेऊन दिला, काळ्या फोमच्या मुठीचा. दोन दिवस वापरला आणि भिंतीला टेकवून ठेवला. "माका बुचाचीच मूठ व्हयी," एवढंच म्हणाले. फोमची मूठ वाईट नसते. खाऱ्या पाण्यात ती जास्त टिकते, स्वस्तही पडते. पण बूच ओल्या हातातून निसटत नाही, पहाटे गार लागत नाही, आणि माशाने आमिष नुसतं चाचपलं तरी तळव्याला कळतं. जुना रॉड मीही लहानपणापासून हातात घेतलेला आहे, त्यामुळे मामांचं म्हणणं मला पटलं. नारळी पौर्णिमेच्या आत नवा रॉड बांधून द्यायचा असं ठरवलं.

नऊ फुटी कार्बनचा ब्लँक (म्हणजे नुसती काठी), रील सीट (दोर गुंडाळायचं रील बसतं ती जागा), गाइड (दोर ओवायच्या कड्या), त्या बांधायचा दोरा, सगळं इथेच मिळालं. अडलं ते बूच.

लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून बाटल्यांची बुचं आणून बघितली. ती निमुळती असतात, एकसारखी बसत नाहीत. कॉर्कची शीट मिळते ती भुसा दाबून केलेली. तिच्या चकत्या कापल्या तर मुठीच्या मधोमध तिचे कण सुटायला लागले. एका मित्राने सुचवलं की आपल्याकडे बुचाचं झाड आहेच की, त्याचीच साल काढ. पांढऱ्या, लांब देठांच्या सुवासिक फुलांचा सडा पडतो ते आपलं बुचाचं झाड वेगळं. त्याची साल पूर्वी बुचासाठी वापरत खरी, पण ती हलक्या प्रतीची. खरं बूच भूमध्य समुद्राच्या बाजूला होणाऱ्या एका ओकची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. म्हणून तिथल्याच एका विक्रेत्याकडे मागवलं.

मागवताना मापं नीट बघा. सुतारकामाची सवय असलेल्यांसाठी सुतात सांगतो (आठ सूत म्हणजे एक इंच): नेहमीची चकती १० सूत व्यासाची, ४ सूत जाड आणि मधे २ सुतांचं भोक. म्हणजे एक इंच मुठीला दोन चकत्या. माझी मागची मूठ नऊ इंचांची, पुढची चार इंचांची, हिशेबाने २६ लागत होत्या. मी ३६ घेतल्या. दहा जास्त का, ते पुढे कळेल.

पार्सल सहा दिवसांत मुंबईत आलं. मग फोनवर संदेश: केवायसी अपूर्ण. आधार आणि पॅन दोन्ही चढवलं. दोन दिवसांनी पुन्हा तोच संदेश. कारण काय, तर आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण आहे आणि पार्सलवर नुसतं नाव-आडनाव. वडिलांचं नाव मधे घालायची आपली पद्धत पोर्तुगालच्या दुकानदाराला कशी माहीत असणार? तेव्हा हे आत्ताच लिहून ठेवा: परदेशातून काहीही मागवताना आधारवर आहे तस्संच नाव घाला, एक अक्षर कमी-जास्त नको.

ते निस्तरलं आणि खरा घोळ सुरू झाला. कुरिअरवाल्यांचा फोन आला. मुलगा सौम्य आवाजाचा होता, पण वाक्य पाठ केलेलं. "सर, हे प्लांट मटेरियल आहे. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागेल." म्हणजे जिथून माल निघाला त्या देशाच्या सरकारी खात्याचं, मालात कीड-रोग नाही असं प्रमाणपत्र. मी म्हटलं, अहो, या तयार चकत्या आहेत, भोक पाडलेल्या. तो म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये कॉर्क वूड दिसतंय." विक्रेत्याला मेल केला. त्याचं उत्तर आलं की तयार मालाला असं प्रमाणपत्र आम्ही कधी दिलेलं नाही आणि आजवर कोणी मागितलेलंही नाही. ते उत्तर कुरिअरला पाठवलं. त्यांनी तक्रारीचा एक नंबर दिला. तीन दिवसांनी दुसऱ्या माणसाचा फोन, तोच प्रश्न, नवा नंबर. आठ दिवसांत माझ्याकडे चार नंबर जमले आणि पार्सल तिथेच. वर गोदामाचं भाडं चढत होतं, ते वेगळंच.

मी एक पानभर पत्र लिहिलं. बूच म्हणजे लाकूड नव्हे, साल आहे. झाड तोडत नाहीत. पहिली साल काढायला झाड पंचवीसेक वर्षांचं व्हावं लागतं, नंतर दर नऊ वर्षांनी काढतात, आणि चांगल्या प्रतीचं बूच तिसऱ्या खेपेपासून मिळतं. साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात, पुन्हा कधी काढायची ते कळावं म्हणून. हे सगळं मी मनापासून लिहिलं होतं, खरंही होतं, पण त्याचा उपयोग शून्य झाला. असं पत्र लिहिण्यात संध्याकाळ घालवू नका. समोरच्या माणसाला झाडाची माहिती नको असते. त्याच्यासमोर एक आकडा असतो आणि त्या आकड्याला लागणाऱ्या कागदांची यादी असते.

हे मला कळलं ते स्वतः कुरिअरच्या कचेरीत गेल्यावर. एक दिवसाची रजा टाकली, सकाळची गाडी धरून अंधेरीला गेलो. मामांच्या मोडक्या रॉडची मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घेतली होती. ती न्यायची बुद्धी झाली याचं मला आजही समाधान वाटतं. दोन खिडक्यांवरून परत पाठवल्यावर तिसऱ्या टेबलाशी एक बाई भेटल्या, पन्नाशीच्या. मी कागदपत्रं पुढे करायच्या आधी मूठच टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, अंगठ्याचं नख दाबून बघितलं, वास घेतला.

"बूच आहे की हे."

"हो मॅडम. याच्याच चकत्या आहेत. मासे धरायच्या रॉडची मूठ करायला."

"मग पावतीवर रॉ का लिहिलंय?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे विक्रेत्याच्या पावतीची प्रत होती. मालाचं वर्णन: कॉर्क वूड, रॉ. आणि खाली तो आकडा, ४५०१. ही पावती माझ्या मेलमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होती, पण मी त्यावरची रक्कम बघून ती मिटली होती. बाईंनी दोन मिनिटांत समजावलं. जकातीच्या यादीत लाकडाचं प्रकरण ४४ आणि बुचाचं ४५, अगदी शेजारी-शेजारी. ४५०१ म्हणजे कच्चं किंवा जेमतेम साफ केलेलं बूच. ४५०३ म्हणजे नैसर्गिक बुचाच्या तयार वस्तू. भुसा दाबून केलेल्या बुचाचा आकडा आणखी वेगळा, ४५०४. विक्रेत्याच्या दृष्टीने चकती 'कच्ची', कारण ती घासून मूठ करायची बाकी असते. पण कच्चं म्हटलं, वर वूड म्हटलं, की इकडे ते झाडाचं साल-लाकूड म्हणून बाजूला काढलं जाणार.

"विक्रेत्याकडून दुरुस्त पावती मागवा, सहीनिशी. मला पाठवा, मी पुढे देते."

त्या बाईंनी माझं म्हणणं ऐकलं, वस्तू हातात घेतली. आठ दिवस फोनवर कोणालाही हे शक्य झालं नव्हतं. बाहेर येऊन फुटपाथवरूनच विक्रेत्याला मेल केला, मजकूर मीच घालून दिला: आर्टिकल्स ऑफ नॅचरल कॉर्क, फिनिश्ड रिंग्ज फॉर फिशिंग रॉड हँडल, ४५०३. रात्री दुरुस्त पावती आली. चौथ्या दिवशी जकात भरायची लिंक आली, ती भरली, आणि दुसऱ्या दिवशी खोकं दारात. हाच मजकूर ऑर्डर देतानाच विक्रेत्याला कळवला असता आणि पाठवण्याआधी पावतीचा फोटो मागितला असता, तर रजा वाचली असती, भाडं वाचलं असतं. तुम्ही तेवढं नक्की करा.

खोकं तपासणीसाठी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चकत्या मोजल्या. पस्तीस शाबूत, एक तुटलेली. दहा जास्त घेतल्या त्या यासाठी. शिवाय आणखी दोन माझ्याच हातून भोक वाढवताना गेल्या.

पुढचं भराभर सांगतो. चकत्या रांगेत मांडून चांगल्या-वाईट निवडा. खड्डे कमी असलेल्या जिथे तळवा बसतो तिथे, बाकीच्या टोकांना. प्रतीची नावं प्रत्येक विक्रेता आपापली लावतो, त्यावर जाऊ नका, फोटो मागवा. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुती आट्यांची सळई मिळते. तिला आधी मेणबत्ती चोळा, नाहीतर मूठ सळईलाच चिकटून बसेल. फेविकॉल मरीन लावून चकत्या ओवायच्या, दोन्ही बाजूंनी मोठे वायसर घालून नट आवळायचे. बेतानेच आवळा, बूच चेपतं. एरवी एक दिवस पुरे, पण आमच्याकडे आषाढातली हवा, मी तीन दिवस हात लावला नाही.

मग सळई ड्रिलमध्ये धरून, दुसरं टोक लाकडी ठोकळ्यातल्या भोकात टेकवून, पॉलिश पेपरने घासायचं. ८० नंबरने आकार, मग १२०, २२०, शेवटी ४००. तोंडाला मास्क बांधाच. तो भुसा पिठासारखा बारीक असतो, दोन दिवस नाकातून जात नाही. ८० ला घाई केली तर एका बाजूला खोलगट होतं, ते नंतर भरून निघत नाही. मी दर दोन मिनिटांनी ड्रिल थांबवून डोळे मिटून हात फिरवत होतो. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटांना लागतो. खड्डे भरायला तोच भुसा थोड्या गोंदात कालवायचा.

भोक ब्लँकच्या मापाचं करायला गोल कानस आणा, पण त्याहून चांगलं म्हणजे मोडक्या रॉडच्या तुकड्याला ८० नंबरचा पेपर गुंडाळून त्यानेच हळूहळू वाढवत न्यायचं. ब्लँक निमुळता असतो, भोकही तसंच निमुळतं येतं. लांब मूठ एकदम करू नका. मी नऊ इंची मुठीचे दोन तुकडे केले, त्यांची भोकं वेगवेगळी वाढवली, मग जोडले. ब्लँकवर इपॉक्सीनेच बसवायचं.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: मूठ शेंड्याकडून खाली सरकवत आणतात. आधी मागची, मग रील सीट, मग पुढची. गाइड आधी बांधून बसलात तर मूठ आत जाणारच नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रॉड घेऊन देवगडला गेलो. मामांनी मूठ धरली, मनगट दोनदा वरखाली केलं, अंगठा रील सीटच्या पुढे नेऊन थोडा वेळ तसाच ठेवला. मग मामीला हाक मारून आमिषाला कोळंबी काढून ठेवायला सांगितलं. सप्टेंबरात त्या रॉडवर पहिली तांबोशी आली, त्याचा फोन सकाळी साडेसहाला आला.

माझ्याकडे सात चकत्या उरल्या आहेत. हवाबंद डब्यात ठेवल्यात, त्यातच दुरुस्त पावतीची एक प्रत आहे. पुढच्या वर्षी माझ्यासाठी दुसरा रॉड बांधायचाय, तेव्हा विक्रेत्याला तीच पाठवणार.