वसईत घर घ्यावे का?

डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्या दिवसांत मुंबईचे स्नेही आणि नातेवाईक रविवारी सकाळी किल्ला पाहायला येतात, बाजारातून सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी आणि सुके बोंबील घेतात, दुपारी आमच्याकडे जेवायला थांबतात आणि पंखा बंद असूनही गारवा लागतो आहे हे लक्षात आल्यावर विचारतात, "इथे घर घ्यावे का हो?" मी १९९९ मध्ये गिरगावातून वसईत आलो, पहिली तीन वर्षे वसई गावात भाड्याने राहिलो आणि नंतर माणिकपूरला सदनिका घेतली, म्हणून माझ्या मताला काही किंमत असावी असा त्यांचा समज असतो. गेल्या महिन्यात माझ्या भाचीनेही हेच विचारले आणि वर बजावले, "मामा, इतिहास सांगू नकोस, हो की नाही एवढंच सांग." माझी अडचण अशी की वसईच्या बाबतीत थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही.

पाहुण्यांना भुरळ पाडणारा इतिहास मात्र वेगळा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे राहिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि इथल्या चर्चमधील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. १८०२ च्या डिसेंबरअखेर दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही इथेच. हे सारे पाहून, वाटेत केळीच्या बागा, सोनचाफ्याची झाडे आणि कौलारू घरे पाहून माणूस परततो, तेव्हा इथे घर घेणे म्हणजे या सगळ्याचे वाटेकरी होणे असे त्याला वाटू लागते. मलाही वाटले होते.

पण ती वसई सहसा विकायला नसते. किल्ला ते स्थानक हे अंतर सुमारे सहा किलोमीटरचे आहे आणि त्या सहा किलोमीटरांत गाव बदलत जाते. पश्चिमेच्या पट्ट्यातील वाड्या सामवेदी, वाडवळ, कुपारी आणि कोळी घराण्यांच्या पिढीजात मालकीच्या आहेत. सातबारा उतारा काढला तर त्यावर दहा-पंधरा नावे निघतात आणि त्यांतली दोन-चार माणसे परदेशी असतात. अशा जमिनीचा व्यवहार बाहेरच्या माणसाने आणि तोही गृहकर्जावर करावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. शिवाय किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. 'किल्ल्याला लागून' अशी जाहिरात दिसली तर आकर्षण वाटण्याआधी ही दोन अंतरे मोजावीत.

तुम्हाला प्रत्यक्षात मिळते ती सदनिका, आणि ती माणिकपूर, नवघर, दिवाणमान, एव्हरशाईन, वसंत नगरी किंवा गोखिवरे अशा स्थानकाच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या वस्त्यांत. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले आणि इमारती उभ्या राहू लागल्या. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने बेसुमार बांधकामाविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. पश्चिमेची हिरवाई आज जेवढी उरली आहे तिचे बरेचसे श्रेय त्या लढ्याला द्यावे लागते. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती. तेव्हा पाहुण्यांनी पाहिलेले गाव आणि ते घर घेतील ते शहर यांचे नाव एक आहे, एवढेच.

आता भाचीला नको असलेला इतिहास, आणि तो जमिनीचा आहे. वसईच्या दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावरचे पाणी पश्चिमेकडे धावते, वाटेत रेल्वेचा भराव लागतो, भरावाखालच्या मोऱ्यांतून जेवढे जाईल तेवढे जाते आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण असेल तर खाडीही ते घ्यायला तयार नसते. जुन्या वसईकरांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी घरे उंचवट्यावर बांधली, वाडीत बावखले राखली आणि सखल भाग भातशेतीला व मिठागरांना दिला. बावखल म्हणजे वाडीतला खोदीव तलाव. पावसाळ्यात तो पाणी पोटात घेई आणि उन्हाळ्यात त्यावर रहाट चाले. पुढे नेमका तोच सखल भाग भराव टाकून इमारतींसाठी मोकळा झाला आणि कित्येक बावखलेही बुजली. म्हणून मी घर पाहायला येणाऱ्यांना एक प्रश्न आधी विचारायला सांगतो: या इमारतीच्या जागी पन्नास वर्षांपूर्वी काय होते? दलाल उत्तर देणार नाही, पण शेजारच्या वाडीतली आजी देईल. काही ठिकाणी तर नावच पुरते. मिठागर या नावाच्या वस्तीत पाणी का साचते, हे वेगळे विचारण्याची गरज नसावी.

२०१८ च्या जुलैमध्ये आम्हाला याचा दाखला मिळाला. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेल्याने लोकल बंद पडल्या, मिठागरातील कुटुंबे पाण्यात अडकली आणि आमच्या आवारात मांडीपर्यंत पाणी आले. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचे धान्य, गाद्या आणि मुलीच्या दहावीच्या वह्या आम्ही रात्री दीड वाजता जिन्यावरून वर नेल्या. विजेचे मीटर बुडाले, त्यामुळे पंप बंद आणि गच्चीवरच्या टाकीत होते तेवढ्याच पाण्यावर सत्तावीस कुटुंबांनी दोन दिवस काढले. त्यानंतर आम्ही मीटरची पेटी चार फूट वर घेतली. तुम्ही एखादी इमारत पाहायला जाल तेव्हा ही पेटी किती उंचीवर आहे ते पाहा. ती नव्याने वर सरकवलेली दिसली तर विक्रेत्याने न सांगितलेली बरीच हकिकत तुम्हाला कळेल. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. इथले रस्ते काँक्रीटचे होताना दर वेळी थोडे उंच होतात, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या वर असलेले आवार आज रस्त्याच्या खाली गेले आहे, आणि इमारतीने काहीही न करता तिचा तळमजला दरवर्षी थोडा थोडा बुडत चालला आहे.

पावसाळ्यात नको तेवढे पाणी आणि एप्रिल-मेमध्ये नळाला पुरेसे नाही, ही वसईची जुनी रड आहे. सूर्या प्रकल्पाच्या पाण्याने परिस्थिती सुधारली हे मान्य केले पाहिजे; प्रादेशिक योजनेतील ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर रोज वसई-विरारच्या वाट्याचे आहे. पण शहराला मिळणारे पाणी तुमच्या इमारतीच्या टाकीत किती पडते हा निराळा प्रश्न आहे. त्यासाठी सोसायटीच्या सचिवांकडे मागील तीन उन्हाळ्यांची टँकरची बिले मागावीत. देखभाल खर्चाचा आकडा सगळे विचारतात, ही बिले कोणी मागत नाही. टँकरचे पाणी येते ते बहुधा वाड्यांमधल्या विहिरींचे. ज्या हिरवाईसाठी आपण इथे राहायला आलो तिचेच पाणी आपण पिंपाच्या हिशेबाने विकत घेतो, हा विचार मला दर मे महिन्यात अस्वस्थ करतो आणि जूनमध्ये मी तो विसरतो.

कागदपत्रांविषयी मात्र विसरून चालत नाही. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. तिथल्या लोकांनी घरे चोरली नव्हती, पैसे मोजून घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला चार मजली इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसे गेली. या दोन घटनांनंतर तरी "सगळेच असे घेतात" हे वाक्य कोणी उच्चारू नये. बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीच्या नावावर जमीन झाल्याचे अभिहस्तांतरण या चार गोष्टींच्या प्रती मागाव्यात आणि त्या महापालिकेच्या व तहसील कार्यालयाच्या दप्तराशी स्वतः ताडून पाहाव्यात, कारण छायाप्रत कशाचीही काढता येते. महापालिका होण्याआधीच्या इमारतींत 'ग्रामपंचायतीची परवानगी' एवढाच कागद पुढे केला जातो. तो पाहून हात आखडता घ्यावा. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ, हाही एक गोड गैरसमज आहे. बँक तुमची परतफेडीची ऐपत फार बारकाईने पाहते, इमारतीकडे तेवढ्याच बारकाईने पाहीलच असे नाही.

हे उपदेश मी उंच आसनावरून करत नाही. आम्ही घर घेतले तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र "आठवड्याभरात येईल" असे विकासकाने सांगितले होते. ते चौथ्या वर्षी आले. अभिहस्तांतरण तर त्याने केलेच नाही. शेवटी मानीव, म्हणजे विकासकाच्या सहीवाचून सरकारकडून मिळणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी अर्ज करून, दर महिन्याला वर्गणी काढून आणि दोन सचिव बदलून ते सोसायटीने मिळवले, तेव्हा माझी मुलगी पहिलीतून दहावीत गेली होती. पुनर्विकासाची बोलणी आता सुरू होऊ शकतात ती केवळ त्या कागदामुळे.

प्रवासाविषयी थोडक्यात. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर आहे आणि जलद लोकलने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. सकाळी विरारहून आणि नालासोपाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत चढणे ही कला आहे, ती सहा महिन्यांत साधते किंवा साधत नाही. ज्यांना साधत नाही ते वसईहूनच सुटणाऱ्या मोजक्या गाड्यांचे वेळापत्रक पाठ करतात. खाडीमुळे रस्त्याने मुंबईला जायचे तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाचा वळसा पडतो. २०२४ पासून किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते, तिने पश्चिमेच्या वाहनधारकांची सोय झाली, पण नोकरदाराची भिस्त लोकलवरच राहते. विकासकांच्या रंगीत पत्रकांत बुलेट ट्रेनचे विरार स्थानक आणि अलिबागपर्यंतचा महामार्ग यांची चित्रे असतात. होणाऱ्या गोष्टींसाठी आज पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. होतील तेव्हा त्यांचा आनंद आपण फुकटात घेऊ.

मग इतके सगळे असताना मी इथे का राहिलो, असे भाचीने विचारलेच. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. वसई गावात भाड्याने राहिलो त्या तीन वर्षांत मी तीन पावसाळे पाहिले, कुठली गल्ली तुंबते आणि कुठली कोरडी राहते हे पायांनी शिकलो, कोणत्या दिवशी कोळणी गावातल्या होळी नावाच्या बाजारात ताजी मासळी आणतात हे कळले, निर्मळच्या जत्रेत चुकलेला आमचा मुलगा एका फुलवाल्या कुपारी बाईंनी घरी आणून सोडला, आणि मग घर घेताना मला गावाची भूल उरली नव्हती, ओळख होती. तरीही विकासकाच्या आठवड्यावर विश्वास ठेवायचा तो ठेवलाच.

म्हणून तिला मी हो किंवा नाही म्हटले नाही. आत्ता घेऊ नकोस, एक पावसाळा भाड्याने राहा, असे सांगितले. तिच्या नवऱ्याला हे पटले नाही. तोवर भाव वाढतील आणि मनात भरलेली सदनिका दुसरा कोणी घेऊन जाईल, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणू शकलो नाही. दोघांचे चार दिवस बोलणे झाले. शेवटी त्यांनी दिवाणमानला अकरा महिन्यांच्या करारावर जागा घेतली आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे राहायला येत आहेत. घ्यायची सदनिका ज्या इमारतीत आहे तिच्या बरोबर समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेली जागा तिने मुद्दाम शोधली.