पद्मिनीचे इंजिन घरी उतरवताना अडलेला एक जोड

बेळगावातल्या अनगोळमध्ये घरामागच्या शेडमध्ये मी आणि माझ्या मामेभावाने आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे इंजिन उतरवले. बॅटरी, रेडिएटर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा जोड ही कामे बिनबोभाट झाली. लिहायचे आहे ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाविषयी, कारण त्याने आमचा जो अंत पाहिला, त्याची चीड अजून गेलेली नाही.

बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या आवरणाचे, सगळे बोल्ट निघाले, उद्यमबागेतून भाड्याने आणलेली चेन पुली ताणली, इंजिन बोटभर पुढे सरकले आणि तिथेच अडले. पाहायला जमलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता, ‘फटीत पहार घाला आणि एक हिसका द्या.’ मी तो शेवटपर्यंत मानला नाही, आणि न मानल्याचा मला अभिमान वाटतो. इंजिनचा ब्लॉक बिडाचा असतो, परंतु बेल हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे पहारीच्या टोकाखाली तिची कड सहज तुटते.

टॉर्च मारून पाहिले, तेव्हा जोड सरळ रेषेत ठेवणाऱ्या एका पोलादी पिनेभोवती पांढरट भुकटीचे कडे दिसले. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून राहिले, की अ‍ॅल्युमिनियम असे झिजून फुगते आणि पीन आवळून धरते. तेथे गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू दिले. तरीही जोड सुटेना. खरी अडचण वेगळीच होती. इंजिन पुलीवर उचलले जात होते आणि गिअरबॉक्सचे तोंड मात्र खाली झुकत होते, त्यामुळे त्याचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये तिरपा होऊन आवळला जात होता. गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला आणि वरची व खालची फट सारखी होईपर्यंत तो थोडा थोडा चढवला. फट मोजायला हॅक्सॉचे जुने पाते पुरले. मग भावाने इंजिन दोन्ही हातांनी हळूहळू डावी-उजवीकडे हलवले आणि ते काहीही न तुटता सुटून आले. जॅक मात्र तेथेच राहू द्यावा, नाहीतर गिअरबॉक्स लोंबकळतो.

आठवले म्हणून येथेच सांगतो, चेन पुली घराच्या तुळईला कधीही टांगू नये, लोखंडी तिपाईच वापरावी. आणि टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही हातसुद्धा घालू नये. तारा सोडण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी.

ब्लॉक बोअरिंगसाठी, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेण्यासाठी, वर्कशॉपमध्ये देण्यापूर्वी त्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढून तो आरसी बुकाशी ताडून पाहावा. तोच ब्लॉक परत बसणार असेल, तर क्रमांक बदलत नाही. दुसरे इंजिन बसवायचे ठरले, तर मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओत त्या बदलाची नोंद करून घ्यावी लागते.