‘सगळ्यांत जोरदार गोळी कोणती?’

संदर्भपत्रात मजकूर थोडाच होता. रुग्णाचे वय 34, हिशेबनीस, अपस्मार (वारंवार झटके किंवा फिट येण्याचा आजार) सोळाव्या वर्षापासून, सहा औषधे निष्फळ. सातवे कोणते द्यावे, ब्रिवारासिटाम, पेरॅम्पॅनेल की सेनोबामेट, याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून माझे मत मागितले होते. रुग्णासोबत त्याची पत्नी आली होती आणि तिच्याजवळ एक वही होती. तिने सरळ विचारले, “डॉक्टर, या तिघींतली सगळ्यांत जोरदार गोळी कोणती? तीच द्या. आता आणखी प्रयोग नकोत.”

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे अवघड आहे. नव्या औषधांच्या चाचण्या बहुतेक वेळा रुग्णाच्या चालू औषधांत भर घालून आणि निष्क्रिय गोळीशी तुलना करून झालेल्या असतात. ही औषधे एकमेकांसमोर क्वचितच उभी केली जातात. वेगवेगळ्या चाचण्यांतील आकडे शेजारी मांडून काढलेला क्रम म्हणूनच मला फारसा भरवशाचा वाटत नाही. शिवाय अशा चाचण्यांत झटके निम्म्याने कमी झाले की औषध यशस्वी मोजले जाते. महिन्याला आठऐवजी चार झटके येणाऱ्या माणसाला तरीही गाडी चालवता येत नाही.

त्यामुळे सातव्या औषधाआधी मागची सहा कशी निष्फळ ठरली ते पाहावे असे मी ठरवले, आणि त्यासाठी पत्रापेक्षा वही अधिक उपयोगी पडली. पत्नीने प्रत्येक झटक्याची तारीख आणि वेळ लिहिली होती, डोस केव्हा बदलला तेही लिहिले होते. झटक्याचे वर्णन तर एखाद्या निवासी डॉक्टरला शोभेल इतके नेमके होते: आधी पोटातून काहीतरी वर चढल्याची जाणीव, मग स्थिर नजर, ओठांची चघळल्यासारखी हालचाल, डाव्या हाताने कपडे चाचपणे आणि शुद्धीवर आल्यानंतर काही मिनिटे शब्द न सापडणे. एवढ्यावरून झटके शंखखंडातून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून, बहुधा डाव्या बाजूने, सुरू होत असावेत असा अंदाज बांधता येत होता.

कार्बामाझेपीन त्याला दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत आणि पुरेसा काळ मिळाले होते, तरीही झटके थांबले नव्हते. हे खरे अपयश. व्हॅल्प्रोएटचेही तेच, वर वजन वाढले ते वेगळेच. लॅमोट्रिजिनची गोष्ट मात्र निराळी निघाली. ते व्हॅल्प्रोएट चालू असतानाच रोज 50 मिलिग्रॅमने सुरू झाले होते आणि तिसऱ्या आठवड्यात अंगभर पुरळ उठल्याने बंद करावे लागले. व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनचा शरीरातून होणारा निचरा मंदावते, त्यामुळे दोन्ही एकत्र देताना लॅमोट्रिजिनची सुरुवात एका दिवसाआड 25 मिलिग्रॅम इतकी सावकाश करायची असते. म्हणजे हे औषध अपुरे पडले नव्हते, त्याची परीक्षाच झाली नव्हती. पण पुरळाच्या इतिहासामुळे ते पुन्हा सहज देता येण्याजोगेही राहिले नव्हते.

लॅकोसामाइड कार्बामाझेपीनच्या जोडीला दिले होते आणि थोड्याच दिवसांत सोडले होते. सकाळच्या गोळीनंतर तासाभराने दोन-दोन दिसते आणि चक्कर येते, अशी नोंद वहीत होती. दोन्ही औषधे चेतापेशींच्या सोडियम मार्गिकांवरच काम करतात. पूर्ण डोसांत एकत्र आली की असा त्रास अपेक्षितच असतो. आधीचे औषध थोडे कमी केले असते तर लॅकोसामाइडला संधी मिळाली असती. लेव्हेटिरासिटामने झटके निम्म्यावर आले होते, पण त्या महिन्यांतल्या नोंदी वाचवत नव्हत्या: चिडचिड, आदळआपट, मुलावर विनाकारण ओरडणे. “औषध चांगले होते, माणूस बिघडला होता,” असे ती म्हणाली. नवरा खाली मान घालून ऐकत होता. सहावे क्लोबाझाम. पहिले तीन महिने एकही झटका नाही आणि मग हळूहळू सगळे पूर्वपदावर. शरीर या औषधाला सरावते, हे अनेक रुग्णांत दिसते.

हिशेब मांडला तेव्हा सहापैकी निर्विवाद अपयशे दोनच उरली. पत्नीचा चेहरा उजळला. “म्हणजे अजून बरीच औषधे बाकी आहेत!”

नेमके इथेच मला तिला थांबवावे लागले. योग्य निवडलेली, सोसलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे झटके थांबवू शकली नाहीत, तर तो अपस्मार औषधांना न जुमानणारा मानावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने 2010 साली दिली. दोन हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नाही. ग्लासगोमधील क्वान आणि ब्रोडी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न घेतलेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्के पहिल्याच औषधावर झटक्यांतून मुक्त झाले, 13 टक्के दुसऱ्यावर आणि त्यापुढच्या साऱ्या प्रयत्नांत मिळून जेमतेम 4 टक्के. त्यानंतर अनेक नवी औषधे आली, दुष्परिणाम आणि औषधांच्या एकमेकांशी होणाऱ्या आंतरक्रिया पुष्कळ कमी झाल्या, पण हे चित्र मोठेसे पालटलेले नाही.

तरी सातवे औषध निवडायचे होतेच. पेरॅम्पॅनेल मी बाजूला ठेवले. रात्री एकदाच घ्यायचे असल्याने ते सोयीचे असले, तरी आक्रमकपणा हा त्याचाही ठळक दुष्परिणाम आहे, आणि अजून चालू असलेले कार्बामाझेपीन त्याची रक्तातली पातळी बरीच खाली आणते. सेनोबामेटचे आकडे मोहात पाडणारे आहेत: 400 मिलिग्रॅमच्या गटात स्थिर डोसाच्या काळात 21 टक्के रुग्ण पूर्ण झटकामुक्त राहिले, निष्क्रिय गोळीच्या गटात 1 टक्का. पण सुरुवातीच्या चाचण्यांत डोस भराभर वाढवल्यावर काहींना त्वचेसह अंतर्गत अवयवांना ग्रासणारी गंभीर ॲलर्जी झाली होती. म्हणून ते आता 12.5 मिलिग्रॅमपासून दर दोन आठवड्यांनी पायरी चढत देतात, आणि ते क्लोबाझामच्या सक्रिय घटकाची पातळीही वाढवते. पुरळाचा इतिहास असलेल्या या रुग्णात मी ते बाद केले नाही, मागे ठेवले. टोपिरामेटचा विचार क्षणभर आला, पण ज्याचा दिवस आकड्यांत जातो त्याला विचार मंदावणारी गोळी द्यायला मन धजले नाही.

ब्रिवारासिटाम मेंदूतल्या ज्या प्रथिनाला चिकटते, त्यालाच लेव्हेटिरासिटामही चिकटते, आणि त्या वाटेने या रुग्णाचे झटके निम्मे झाले होते. चिडचिड बऱ्याच रुग्णांत त्यामानाने कमी होते. मी ते सुरू केले, नव्या औषधाच्या जोडीने पुन्हा दोन-दोन दिसू नये म्हणून कार्बामाझेपीन थोडे उतरवले आणि राग वाढला तर वाट न पाहता कळवा, असे दोघांनाही बजावले.

त्याच बैठकीत शस्त्रक्रियेच्या तपासणीचा विषय काढला. “पण गोळ्या उरल्या आहेत ना?” हा तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला 2001 सालची शंखखंडाच्या शस्त्रक्रियेची चाचणी सांगितली: 80 रुग्ण, निम्मे शस्त्रक्रियेच्या आणि निम्मे औषधांच्या गटात; वर्षअखेरीस भान हरपवणाऱ्या झटक्यांतून मुक्त झालेले पहिल्या गटात 58 टक्के, दुसऱ्यात 8 टक्के. तिने दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि नवऱ्याला म्हणाली, “तपासण्या तर करून घेऊ.”

अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे शंखखंडातला स्मरणशक्तीशी निगडित भाग, आक्रसलेला आणि पांढरट दिसला; व्हिडिओ-ईईजीत (चित्रीकरणासोबत काढलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात) झटके तिथूनच सुरू होत होते. ब्रिवारासिटामने झटके कमी झाले, थांबले नाहीत; स्वभाव मात्र ठीक राहिला. आता तोल वेगळ्याच दोन गोष्टींत साधायचा आहे. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेने शब्दांची स्मरणशक्ती उतरू शकते, आणि चालू राहिलेले झटकेही तीच पोखरत असतात. त्यासाठीची मानसशास्त्रीय चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. निष्कर्ष हाती आल्यावर शल्यविशारद, मानसशास्त्रज्ञ आणि मी त्या दोघांसह एकत्र बसणार आहोत.