अकरा फुगीर घरं

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी बाबांचा औषधांचा डबा आवरायला घेतला होता. बी.पी.च्या गोळ्यांची स्ट्रिप हातात आली. एक तारखेला मीच आणून दिलेली, पंधरा गोळ्यांची. आज पंधरा तारीख. म्हणजे स्ट्रिप रिकामी हवी. तर चार घरं फुटलेली आणि अकरा तशीच फुगीर.

"बाबा, ही गोळी घेत नाही का तुम्ही?"

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बंद केली. कॅन्सर होतो त्यानं."

"कुणी सांगितलं?"

"तूच नाही का पाठवलंस?"

पाठवलं होतं. फोन उघडून मागे मागे गेले तर चार तारखेला, रात्री नऊच्या सुमारास, घरच्या ग्रुपवर मीच टाकलेली चाळीस सेकंदांची क्लिप. वर लाल पट्टी, मागे ठोके दिल्यासारखं संगीत, एका तळहातावर ओतल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोळ्या, आणि निवेदिकेचा तो आवाज: "सावधान! तुमची रोजची बी.पी.ची गोळी तुम्हाला कॅन्सर तर देत नाही ना?" खाली माझं वाक्य, 'काळजी घ्या सगळे', आणि दोन जोडलेले हात. आता खरं लिहिते, ही रोजनिशी आहे: मी ती क्लिप पहिल्या दहा सेकंदांपुढे पाहिलीसुद्धा नव्हती. कुठल्यातरी रांगेत उभी होते. आली, धस्स झालं, पुढे ढकलली. ढकलल्यावर जरा हलकं वाटलं, हेही आठवतंय. जणू माझ्या वाटणीचं काम झालं.

मशीन काढून बी.पी. मोजलं. १७२ वर ९८. डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी फोन करताना जीभ जड झाली. ते फक्त एवढंच म्हणाले, "गोळी नेहमीसारखी सुरू करा, उद्या सकाळी दाखवायला आणा. आणि कुणाचं ऐकून बंद करायची नाही." 'कुणाचं'वर जोर नव्हता, मलाच ऐकू आला.

दुपारभर बसून ती क्लिप उकलली. तारखेचा कोपरा कापलेला होता, पण बातमी २०१८ ची निघाली. त्या वर्षी जुलैमध्ये वल्सार्टन नावाच्या बी.पी.च्या औषधाचे काही साठे अनेक देशांत परत मागवले गेले. औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात प्रक्रिया बदलली होती आणि त्यातून एनडीएमए नावाची अशुद्धी तयार झाली होती. तिच्यामुळे कॅन्सर होण्याची शक्यता मानली जाते. म्हणजे बातमी खोटी नव्हती. खोटी असती तर बरं झालं असतं, एका वाक्यात निकाल लागला असता. पण अमेरिकेच्या औषध नियामकानं तेव्हाच आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पर्यायी औषध हातात येईपर्यंत चालू गोळी परस्पर बंद करू नका. दोन, हिशेब: बाधित साठ्यातली वल्सार्टनची सर्वांत मोठी मात्रा ८,००० लोकांनी रोज, सलग चार वर्षं घेतली, तर त्या सगळ्यांत मिळून आयुष्यभरात कॅन्सरचा एखादा जास्तीचा रुग्ण निघू शकेल.

आठ हजारांत एक, तोही चार वर्षं रोज घेतल्यावर. चाळीस सेकंदांत हे बसलं नसतं असं नाही. दोन वाक्यं आहेत.

आणि बाबांची गोळी वल्सार्टन नाहीच. ती टेल्मिसार्टन. दोन्ही नावांची शेपटी सारखी, एवढंच. क्लिपमधल्या गोळ्यांवर नाव वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती प्रत्येकाचीच गोळी झाली. कॅमेऱ्यानं नाव टाळलं ते निष्काळजीपणानं की हिशेबानं, मला ठाऊक नाही. माझा संशय हिशेबावर आहे.

मला चीड येते ती 'तर नाही ना?' या शेपटीची. आपल्या भाषेतलं इतकं मायेचं वळण. आई विचारते, 'ताप तर नाही ना?' त्यात हात कपाळावर असतो. चॅनेलवाल्यांनी ते उचललं आणि त्याचा सुरा केला. ठाम विधान केलं तर पुरावा द्यावा लागतो, प्रश्न विचारला तर काहीच द्यावं लागत नाही. उत्तर पाहणाऱ्यानं आपल्या घरी द्यायचं. बाबांनी दिलं.

असं याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. तिथल्या औषध-सुरक्षा समितीनं इशारा दिला की नव्या, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! मथळ्याला आणखी काय हवं? मुळात तो धोका सात हजार स्त्रियांमागे एकीला होता, तो दोघींना झाला. इतकंच ते दुप्पट. पण 'सात हजारांमागे' हे शब्द मथळ्यातून गळले आणि असंख्य बायकांनी गोळी टाकून दिली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले असा अंदाज आहे. यातला क्रूर भाग असा, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. ज्या भीतीनं पळाल्या, तिच्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या.

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश वर, छेद खाली. बातमी अंश ओरडून सांगते आणि छेद गिळते. हे मला कळायला हवं होतं, मी आयुष्यभर जमाखर्च लिहिण्याची नोकरी करते. कुणी माझ्यासमोर 'खर्च दुप्पट झाला' म्हटलं तर माझा पहिला प्रश्न असतो, कितीचा दुप्पट? मग फोन हातात आल्यावर तो प्रश्न कुठे जातो?

संध्याकाळी बाबांना हे सगळं समजावत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि त्या दगडाचं काय झालं पुढे?"

"कुठल्या?"

"तो आकाशातला. पृथ्वीवर आदळणार होता तो."

मला आठवायला वेळ लागला. २०२४ वायआर४, तो लघुग्रह. २०३२ मध्ये धडकण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली होती, तेव्हा रोज बातम्या. मग नवी निरीक्षणं आली आणि आठवड्याभरात पृथ्वीला असलेला धोका जवळपास शून्यावर आला. खरं तर आकडा आधी चढणं आणि मग एकदम कोसळणं हे त्या गणितात नेहमीचंच: वाटेचा अंदाज जसजसा नेमका होतो तसतसा संभाव्य पट्टा आकसतो, पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी वाढते, आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की खेळ खलास. पण चढताना ढोल होते, उतरताना कुणी टाळीही वाजवली नाही.

"नाही आदळणार, बाबा. केव्हाच कळलं ते."

"बरं झालं," म्हणाले. आणि मग हळूच, "मला कुणी सांगितलं नव्हतं."

म्हणजे इतके दिवस हा माणूस तो दगड डोक्यावर घेऊन फिरत होता. कुणाशी न बोलता.

लोक असे, लोक तसे, मेंढरं, असं बोलायची आपल्याला सवय आहे. त्यावरून एक आठवलं. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सनं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नभोनाट्य बातमीपत्रासारखं सादर केलं आणि सारा देश घाबरून रस्त्यावर आला, ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. पण नंतरच्या अभ्यासकांनी तपासलं तर ती घबराटच फुगवलेली निघाली. त्या रात्री फोनवरून झालेल्या पाहणीत फक्त दोन टक्के लोकांनी ते नाटक ऐकत असल्याचं सांगितलं होतं. काहीजण घाबरले, नाही असं नाही. पण रेडिओ आपल्या जाहिराती पळवतोय म्हणून वर्तमानपत्रांचा रेडिओवर राग होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राईचा पर्वत केला. म्हणजे लोक वेड्यासारखे घाबरतात, हीसुद्धा एक खपणारी बातमीच.

बाबा वेडे नाहीत. त्यांनी क्लिपवर विश्वास ठेवलाच नव्हता, असं मला आता वाटतं. असल्या क्लिपा त्यांच्याकडे दिवसाला वीस येतात, एकीसाठीही त्यांनी काही बंद केलेलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला तो पाठवणारीवर. हिशेबनीस मुलगी, उगाच काही पाठवायची नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर ग्रुपवर लिहिलं: 'चार तारखेला मी पाठवलेली क्लिप जुनी आणि अर्धवट होती. माझी चूक. कुणीही बी.पी.ची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.' आठ हजारांचा हिशेब लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. लांबला. शेवटी काढून टाकला, म्हणजे छेद मीही गिळलाच.

चार तारखेच्या क्लिपखाली सतरा जणांचे हात आणि 'बाप रे' होते. आत्ताच्या निरोपाखाली, दोन तासांनी, एक अंगठा. तोही आईचा, ती शेजारच्या खोलीत आहे.

मघाशी मामांचा निरोप आला: 'मग आता घ्यायची की नाही?'

मामांना बी.पी. आहे हे मला माहीत होतं. चार तारखेला ते मनातसुद्धा आलं नव्हतं. आता ग्रुपमधली नावं वरून खाली वाचत कागदावर उतरवते आहे. मामा, दोन्ही आत्या, थोरले काका, समोरच्या वहिनींचे वडील (ते ग्रुपवर नाहीत, पण वहिनी पुढे पाठवतात). आतापर्यंत नऊ झाले. सकाळी आठपासून फोन करायला लागायचं, आधी मामांना.