चिलहॅम ते कँटरबरी: बेकेटच्या वाटेचा शेवटचा टप्पा

इंग्लंडमध्ये विंचेस्टरपासून कँटरबरीच्या कॅथीड्रलपर्यंत, तिथल्या संत थॉमस बेकेटच्या समाधीकडे जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट सुमारे 190 किलोमीटरची. मी मात्र तिचा शेवटचा टप्पाच पुन्हा पुन्हा चालतो: चिलहॅम ते कँटरबरी, दहा-अकरा किलोमीटर. गावाच्या नावाचा उच्चार 'चिलम', त्यामुळे मराठी माणूस ते विसरत नाही. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि परतीची गाडी कँटरबरी वेस्टहून मिळते. थांबत-थांबत चाललं तर चार तास धरावेत.

इथली जमीन खडूची. पावसानंतर तिचा पांढरा चिखल बुटाच्या खाचांत भरतो आणि तळवा गुळगुळीत होऊन उतारावर साबणासारखा घसरतो. खाली गारगोटीचे धारदार तुकडे असतात, ते पातळ तळव्यातून टोचतात. म्हणून खोल खाचांचे बूट, मोज्यांचा जास्तीचा जोड आणि उतारासाठी काठी हवीच. चार्टम हॅचनंतर सफरचंदाच्या बागा आणि बिगबरीचं रान लागतं. तिथे वाटेला फाटे फुटतात. खांबावरची ओकफळाची खूण दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. दिंडी नाही, वाटेत पंगत नाही. दीड लिटर पाणी आणि शिदोरी आपलीच.

यात्रा 7 जुलैची. थॉमस बेकेटचा खून झाला 29 डिसेंबर 1170 ला, पण 1220 मध्ये अस्थी तळघरातून वर हलवल्या त्या 7 जुलैला. कडाक्याच्या थंडीपेक्षा उन्हाळ्यात चालणं सोपं, हे उघड आहे. आपल्या आषाढीच्या आगेमागेच येते ही तारीख.

बेकेट जन्माने लंडनचा, व्यापाऱ्याचा मुलगा. 1155 मध्ये दुसऱ्या हेन्रीने त्याला चान्सलर केलं. राजाची मुद्रा, पत्रव्यवहार, शिवाय बराच पैसा त्याच्या हातून जाई. 1158 मध्ये पॅरिसला वकिलातीवर गेला तेव्हा सोबत आठ गाड्या होत्या, प्रत्येकीला पाच घोडे. 1162 मध्ये राजाने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख केलं: 2 जूनला धर्मगुरूची दीक्षा, 3 जूनला आर्चबिशपपद. आपला माणूस चर्चवर बसला की काम सोपं, हा राजाचा हिशेब. तो चुकला. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूला शिक्षा कुणी द्यायची, यावरून 1164 मध्ये दोघं समोरासमोर आले. माझ्या मते त्या वर्षीचा नॉर्दम्प्टनचा दरबार खुनापेक्षा जास्त सांगून जातो. तिथे राजाने धर्माचा वाद बाजूला ठेवून चान्सलर असतानाच्या रकमांचा हिशेब मागितला! सरकारी नोकरी केलेल्याला ही खेळी वेगळी समजवायला नको. बेकेट रातोरात निसटला आणि सहा वर्षं फ्रान्समध्ये राहिला. 1170 मध्ये परतला आणि त्याच महिन्यात राजाच्या चार सरदारांनी त्याला कॅथीड्रलमध्येच मारलं.

हार्बलडाउनला वाट गावात शिरते. इथे कुष्ठरोग्यांसाठी 1084 मध्ये बांधलेलं सेंट निकोलस चर्च आहे. 12 जुलै 1174 ला दुसरा हेन्री बेकेटच्या खुनाच्या प्रायश्चित्तासाठी याच वाटेने आला. पुढे सेंट डन्स्टन चर्चपाशी त्याने बूट काढले आणि उरलेला सुमारे एक किलोमीटर अनवाणी चालला. आत बिशपांनी प्रत्येकी पाच आणि साधूंनी प्रत्येकी तीन फटके मारले, असं त्या काळच्या लेखकांनी नोंदवलंय. त्याच सेंट डन्स्टनच्या तळघरात थॉमस मोरचं शिर पुरलेलं आहे. तोही चान्सलर, 1535 मध्ये आठव्या हेन्रीने मारलेला. याच हेन्रीने 1538 मध्ये बेकेटची समाधी फोडली. बहुतेक लोक हे चर्च न पाहताच पुढे जातात.

कॅथीड्रलमध्ये आधी वायव्येकडचा खुनाचा कोपरा पाहा. चौघा सरदारांपैकी एकाच्या तलवारीचं टोक फरशीवर आपटून इथेच तुटलं. मग झिजलेल्या पायऱ्या चढून ट्रिनिटी चॅपलमध्ये जा. समाधीच्या जागी आता फक्त एक मेणबत्ती जळत असते. भोवतीचा गुलाबी दगड गुडघे टेकून टेकून खोलगट झालाय. हात फिरवला की कळतं. सायंप्रार्थनेला तिकीट लागत नाही, पण त्या वेळी आत हिंडू देत नाहीत. तेव्हा चिलहॅमहून सकाळी नऊलाच निघा.